सावतोबांच्या मळ्यातील मिरची

नियमित लेखन कशाच्या बळावर होते, या प्रश्नाची आपल्याकडे दोन ठरावीक उत्तरे आहेत. पहिले उत्तर प्रतिभेचे. ती प्रसन्न झाली की लेखणी चालते, रुसली की थांबते. दुसरे उत्तर शिस्तीचे. रोज ठरलेल्या वेळी बैठक मारावी, दोन पाने लिहून उठावे, आणि वर्षाच्या अखेरीस पुस्तक तयार. पहिल्या उत्तराने आळशी माणसाची सोय होते, दुसऱ्याने कष्टाळू माणसाची. माझा अनुभव असा की ही दोन्ही उत्तरे अपुरी आहेत. प्रतिभेची वाट पाहण्याइतका माझा अधिकार नव्हता, म्हणून मी शिस्तीचा मार्ग धरला. एका जानेवारीत नवी वही आणली आणि रोज एक पान लिहायचे ठरवले. त्या वहीची तेवीस पाने भरली. चोविसाव्या दिवशी काय लिहावे हे सुचेना, कारण पहिल्या तेवीस पानांत मी माझी मते लिहून मोकळी झाले होते. सुशिक्षित मध्यमवर्गीय मराठी माणसाजवळ साधारण तेवीस पाने पुरतील इतकीच मते असतात, असा निष्कर्ष त्या वेळी काढता आला असता. तेवढेही तेव्हा सुचले नाही.

या दोहोंखेरीज लेखनाला नेटाने पुढे नेणारे तिसरे काही आहे, आणि ते म्हणजे कुतूहल. आपल्याला एखादी गोष्ट ठाऊक नाही हे लक्षात येणे, त्या ठाऊक नसण्याची टोचणी लागणे, तिचा माग काढणे, आणि मागावर अचानक काही सापडले की होणारा तो काहीसा पोरकट आनंद. हे चक्र ज्याच्या मनात एकदा सुरू झाले त्याला लिहायला विषय शोधावा लागत नाही. हे मला फार उशिरा कळले आणि वर्गातल्या एका विद्यार्थिनीमुळे कळले. त्या प्रसंगात माझी बाजू फारशी शोभादायक नाही. तरीही तो सांगायला हवा.

पदवीच्या वर्गाला मी संतकाव्य शिकवत होते. सावता माळ्यांचा तो सर्वांना पाठ असलेला अभंग फळ्यावर होता. कांदा, मुळा आणि भाजीच्या वाफ्यांत विठाई पाहणारा, लसूण, मिरची आणि कोथिंबिरीत हरी ओळखणारा. कर्म हीच भक्ती, मळा हेच पंढरपूर, असे वर्षानुवर्षे सांगत आलेले विवेचन माझ्या तोंडून आपोआप बाहेर पडत होते. एवढ्यात मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. तिच्या घरी मिरचीची शेती होती. ती म्हणाली, “मॅडम, मिरची तर बाहेरून आली असं आम्हाला शाळेत शिकवलं होतं. पोर्तुगीजांनी आणली म्हणून. मग सावतोबांच्या मळ्यात कशी?”

मी क्षणभर थांबले. मग म्हणाले, “हा प्रश्न परीक्षेला येणार नाही. पुढे चला.” वर्ग हसला. ती खाली बसली.

घरी आल्यावर मात्र तो प्रश्न काही केल्या जाईना. सावता माळी अरणचे. अरण हे आजच्या सोलापूर जिल्ह्यातील माढा तालुक्यातले गाव. ते ज्ञानेश्वर-नामदेवांचे समकालीन, आणि परंपरेनुसार त्यांची समाधी शके १२१७, म्हणजे इ. स. १२९५ मधली. मिरची ही वनस्पती अमेरिका खंडातली. कोलंबस तिथे पोहोचला १४९२ मध्ये. वास्को द गामा कालिकतला उतरला १४९८ मध्ये, आणि पोर्तुगीजांनी गोवा घेतले १५१० मध्ये. म्हणजे सावतोबांच्या समाधीनंतर दोनशे वर्षे उलटली तरी या भूमीवर मिरचीचे एकही रोप असण्याचा संभव नव्हता. मुलीचा प्रश्न अगदी बिनतोड होता. मी हा अभंग बारा-तेरा वर्षे शिकवत होते, स्वयंपाकघरात रोज मिरची चिरत होते, आणि या दोन गोष्टींची माझ्या डोक्यात एकदाही गाठ पडली नव्हती.

त्या काळात मी लिहीत नव्हते असे नाही. पदोन्नतीसाठी शोधनिबंधांचे गुण मोजले जात, तेव्हा वर्षाकाठी दोन-तीन निबंध होत. चर्चासत्राचा विषय यायचा, त्यात आपला कवी बसवायचा, चार ग्रंथांतली अवतरणे जुळवायची, आणि शेवटी ‘यावरून असे दिसून येते की’ म्हणून जे आधीच सर्वांना दिसत होते ते पुन्हा दाखवायचे. त्या निबंधांना गुण मिळाले. पण त्यांतल्या एकाचेही उत्तर लिहायला बसण्यापूर्वी मला ठाऊक नव्हते असे झाले नाही. उत्तर ठाऊक असलेल्या प्रश्नावर लिहिणे ही लेखनिकाची कामगिरी आहे. तिचा कंटाळा येतो, आणि तो यावाच.

मिरचीचे तसे नव्हते. त्या रात्री मी कोश काढून बसले, आणि पहिला आनंद शब्दापाशीच सापडला. संस्कृतात ‘मरिच’ म्हणजे मिरे. त्यावरून मराठीत मिरी, मिरे. परकी तिखट शेंग आली तेव्हा लोकांनी तिला जवळच्या तिखटाचे नाव दिले आणि ती मिरची झाली. हिंदीत तर काळी मिर्च आणि लाल मिर्च असे दोघींना एकच नाव आहे. कोकणीत मिरचीला ‘मिरसांग’ म्हणतात. त्यात मिऱ्याची शेंग ही कल्पना सहज ऐकू येते. तमिळमध्ये मिरे म्हणजे ‘मिळगु’ आणि मिरची ‘मिळगाय’, कन्नडमध्ये मिरे ‘मेणसु’ आणि मिरची ‘मेणसिनकायि’. या सगळ्यांच्या आधी, मिऱ्यांच्या शोधात निघून भलत्याच खंडाला लागलेल्या कोलंबसाच्या लोकांनीही या शेंगेला मिऱ्याचेच नाव चिकटवले होते. अटलांटिकच्या पलीकडचा खलाशी आणि सह्याद्रीच्या अलीकडचा शेतकरी, एकमेकांना न विचारता, अपरिचित वस्तूला परिचित नावाच्या हवाली करत होते. भाषेच्या वर्गात आपण ‘अर्थविस्तार’ नावाचे प्रकरण शिकवतो. हा त्याचा जिवंत दाखला रोज फोडणीत पडत होता.

येथवर आल्यावर मला लिहावेसे वाटले. गुणांसाठी अथवा कोणी मागितले म्हणून ते वाटले नव्हते. हे सगळे एका जागी मांडल्याशिवाय चैन पडेना, म्हणून लिहायला बसले. पहिल्याच वाक्याला अडले. ‘मिरची पोर्तुगीजांनी आणली’ असे वाक्य वर्गात बोलताना काही अडचण येत नाही. कागदावर ते उतरले की लगेच उलटून विचारते, कोठे आणली? किनाऱ्यावर. मग किनाऱ्यावरून घाट चढून माणदेशापर्यंत केव्हा पोहोचली? कोणी नेली? बियाणे कोणी राखले? बोलण्यात वेळ मारून नेता येते, आवाजाच्या चढउतारात रिकामी जागा झाकता येते. लेखनात ती झाकता येत नाही. वाक्याला कर्ता लागतो, क्रियेला काळ लागतो, आणि विधानाला आधार लागतो. आपल्याला काय ठाऊक नाही हे लिहिल्याशिवाय कळत नाही, असे माझे आता पक्के मत झाले आहे. आपल्याकडे अभ्यास आधी आणि लेखन नंतर असा क्रम सांगतात. तो अर्धाच खरा आहे. लेखन हेही अभ्यासाचे एक उपकरण आहे, आणि नियमितपणे लिहिणारा माणूस खरे तर नियमितपणे शोधणारा माणूस असतो.

त्या शोधात पुढे काय काय सापडले! अन्नेतिहासाचे अभ्यासक के. टी. अच्चया यांनी पुरंदरदासांच्या एका कन्नड पदातील मिरचीच्या उल्लेखाकडे लक्ष वेधले आहे. पुरंदरदास सोळाव्या शतकातले. ते पद त्यांचेच असेल, तर मिरची इथे येऊन काही दशके होतात न होतात तोच एका भक्तकवीच्या पदात जाऊन बसली. मग मी आपल्या उपवासाच्या ताटाकडे पाहिले. बटाटा दक्षिण अमेरिकेतला, आणि त्याचे मराठी नावही पोर्तुगीजांकडून आलेले. शेंगदाणाही दक्षिण अमेरिकेतला. रताळे त्याच खंडातले, मात्र ‘रताळे’ हे नाव ‘रक्तालु’ या जुन्या शब्दावरून आलेले. म्हणजे कंद नवा, नाव जुने. राजगिऱ्याचे दाणे अमेरिकेतले. साबुदाण्याचे नाव मलाया-इंडोनेशियाकडच्या साबुताडाच्या पिठाचे, आणि आज आपण खातो तो साबुदाणा ज्या टॅपिओका कंदापासून तमिळनाडूत सेलमच्या परिसरात तयार होतो, तो कंद पुन्हा अमेरिकेतला. वर हिरवी मिरची आहेच. एकादशीला आपण ज्या खिचडीने पावित्र्य राखतो तिच्यातील तूप, जिरे आणि मीठ वगळले तर उरलेले सारे समुद्रापलीकडून आलेले आहे. ज्या समुद्राचे उल्लंघन आपल्या पूर्वजांना निषिद्ध वाटत होते, त्याच समुद्रावरून त्यांच्या उपवासाचा फराळ येत होता.

दसऱ्याला दाराला जो झेंडू बांधतो तो मेक्सिकोतला. तिकडे नोव्हेंबरच्या आरंभी मृत आप्तांच्या स्मरणाचा सण असतो, आणि त्या दिवशी घरोघरी हाच झेंडू वाहतात. सीताफळही अमेरिकेतलेच मानले जाते. पण भरहुतच्या शिल्पांत सीताफळ कोरलेले आहे असे एकोणिसाव्या शतकात अलेक्झांडर कनिंगहॅम यांना वाटले होते. ते फळ फणसाचे असेल, अन्य कशाचे असेल, असे म्हणणारे अभ्यासकही आहेत, आणि तो वाद वाचताना एक दुपार कशी गेली हे मला कळले नाही. मी काही वनस्पतिशास्त्राची अभ्यासक नव्हे. माझा विषय मराठी साहित्य. परंतु कुतूहलाला विभागांच्या भिंती ठाऊक नसतात. एका अभंगातला एक शब्द मला व्युत्पत्तीकडे, तिथून व्यापाराच्या इतिहासाकडे, तिथून शेतीकडे आणि शिल्पाकडे घेऊन गेला, आणि प्रत्येक थांब्यावर एक लेख उभा होता.

आता माझ्या चुकीविषयी. हा शोध लागल्याच्या भरात मी महाविद्यालयाच्या वार्षिकांकात एक लेख लिहिला आणि त्यात ठणकावून विधान केले की हा अभंग प्रक्षिप्त आहे, तो सावता माळ्यांचा असूच शकत नाही. लेखाला थोडी वाहवा मिळाली. एका सहकाऱ्यांनी ‘धाडसी’ असे विशेषण वापरले, आणि ते मला आवडलेही. अंक घेऊन मी गावी गेले. वडील वारकरी, साठ वर्षांची भजनाची सवय. त्यांनी लेख दोनदा वाचला, चष्मा काढून ठेवला, आणि म्हणाले, “मिरची नंतरची असेल बाई. तू सांगतेस म्हणजे असेलच. पण गाणारा माणूस आपल्या मळ्यात जे आहे तेच म्हणणार ना? एका मिरचीपायी तू सगळा मळाच उपटलास.”

मी गप्प बसले, कारण तर्काच्या दृष्टीनेही वडिलांचेच म्हणणे बरोबर होते. एक शब्द उत्तरकालीन आहे, यावरून सगळी रचना उत्तरकालीन ठरत नाही. शक्यता किमान तीन होत्या. सगळा अभंगच सोळाव्या शतकानंतर कोणी रचून सावतोबांच्या नावावर घातला असेल. किंवा अभंग जुना असेल आणि गाणाऱ्यांच्या तोंडी एक शब्द बदलला असेल. किंवा त्या शब्दाने तेव्हा दुसऱ्याच एखाद्या तिखट पदार्थाचा बोध होत असेल. यांतली तिसरी शक्यता दुबळी आहे, कारण मिऱ्याचा वेल अरणच्या कोरड्या रानात वाढत नाही. पण पहिल्या दोहोंपैकी दुसरी मी विचारातही घेतली नव्हती. अभंगाचा चरण पुन्हा नीट पाहिला तर ‘मिरची’ हा शब्द यमकाच्या जागी नाही. यमक आहे कोथिंबिरीचे. मधला तीन अक्षरांचा शब्द बदलला तरी चाल बिघडत नाही, यमक तुटत नाही, आशयालाही धक्का लागत नाही. असे शब्द मौखिक परंपरेत सर्वांत आधी बदलतात.

सावता माळ्यांचे चाळिसाच्याही आत अभंग आज उपलब्ध आहेत, आणि ते काशिबा गुरवांनी लिहून घेतले असे परंपरा सांगते. पुढे कित्येक पिढ्या ते गळ्यांतून आणि वह्यांतून फिरले. यात आश्चर्य वाटण्यासारखे काही नाही. ज्ञानेश्वरी शके १२१२ मधली, म्हणजे इ. स. १२९० ची. तीनशे वर्षांच्या आत तिच्यात इतके पाठभेद शिरले होते की शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, एकनाथांना ती शुद्ध करायला बसावे लागले. ज्या ग्रंथाची इतकी जपणूक होती त्याची ही कथा, तर मळ्यात, दिंडीत आणि जात्यावर गायिल्या जाणाऱ्या अभंगांची काय असेल? कोणत्या पाठाचे वय किती, याचा निर्णय दिनांक असलेल्या जुन्या हस्तलिखितांवरूनच करता येतो, आणि तो तसाच करायला हवा. माझ्या लेखात हस्तलिखिताचे नावही नव्हते. पुढच्या वर्षीच्या अंकात मी दुसरा लेख लिहिला आणि पहिल्यातले विधान मागे घेतले. त्या लेखाला कोणी धाडसी म्हटले नाही. मला मात्र तो लिहिताना पहिल्यापेक्षा अधिक आनंद झाला, कारण आता प्रश्न मोठा झाला होता. आधी मी विचारत होते की मिरची खरी की अभंग खरा. आता विचारत होते की परकी वस्तू इतकी आपली कशी होते की तीन-चार पिढ्यांत तिचे परकेपण गाणाऱ्याला आठवतही नाही, आणि ती थेट देवाच्या रूपात जाऊन बसते?

कुतूहलाचे कौतुक करताना हा धोका सांगितलाच पाहिजे. शोधाचा आनंद मादक असतो. तो झाला की पुरावा पुरेसा आहे की नाही हे पाहण्याची इच्छा मंदावते. आपल्या परंपरेत याची थोर उदाहरणे आहेत. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे कागदपत्रांच्या शोधात गावोगाव हिंडले. १८९८ मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड निघाला आणि पुढे खंडांची संख्या बावीसवर गेली. ज्ञानेश्वरीची जुनी प्रत शोधून १९०९ मध्ये त्यांनी ती छापली, भाषा, विवाहसंस्था, स्थलनामे, जिथे नजर गेली तिथे खणले. हे सारे एका माणसाने केवळ शिस्तीच्या जोरावर केले असेल यावर माझा विश्वास बसत नाही. त्यामागे न शमणारी भूक होती. त्याच भुकेपोटी त्यांनी केलेल्या कित्येक व्युत्पत्ती पुढच्या भाषाभ्यासकांना मान्य झाल्या नाहीत. तरीही त्यांच्या चुका वाचनीय आहेत, कारण त्या शोधणाऱ्या माणसाच्या चुका आहेत.

रा. चिं. ढेरे हे दुसरे उदाहरण. मावळातल्या लहानशा गावातून पोरक्या वयात पुण्यात आलेल्या या मुलाने पुढे खंडोबा, दत्त, नाथसंप्रदाय, लज्जागौरी, विठ्ठल अशा एकेका दैवताचा माग घेत शंभराहून अधिक पुस्तके लिहिली. १९८४ च्या ‘श्रीविठ्ठल : एक महासमन्वय’ या ग्रंथात त्यांनी विठ्ठलाचे मूळ गवळी-धनगरांच्या लोकदैवतात शोधले. पंढरपूरची आद्य मूर्ती माढ्याला असल्याचा त्यांचा निष्कर्ष वादग्रस्त ठरला. योगायोग असा की सावतोबांचे अरण त्याच माढा तालुक्यात आहे. ढेऱ्यांची पुस्तके ओळीने वाचली की ध्यानात येते की ती सुटी नाहीत. एका ग्रंथाच्या शोधात जो धागा हाती आला तो पुढच्या ग्रंथाचा आरंभ झाला. विषय कसे सुचतात, हा प्रश्न अशा लेखकाला विचारण्यात अर्थ नाही. त्याने विचारावे तर वेळ कोठून आणू, हेच.

दुर्गाबाई भागवतांनी १९५६ च्या ‘ऋतुचक्र’मध्ये बारा महिन्यांची झाडे-फुले पाहिली, ‘व्यासपर्व’मध्ये महाभारतातली माणसे पाहिली, लोककथा आणि लोकाचार अभ्यासले, आणि पाककलेवरही तितक्याच आस्थेने लिहिले. त्यांच्या लेखनात पांडित्य आहे. पण पांडित्याच्या आधी एक टक लावून पाहणे आहे. या तिघांची प्रकृती, विषय आणि भाषा सर्वस्वी भिन्न. समान आहे ती एकच गोष्ट. ते वाचकाला निष्कर्ष कळवण्यापुरते लिहीत नाहीत. सापडताना काय झाले, यात ते वाचकाला सहभागी करून घेतात.

यावर एक रास्त आक्षेप घेतला जाईल. हे सारे संशोधकांचे झाले, कथाकाराचे वा कवीचे काय? माझ्या मते तिथेही फार वेगळे नसते. पात्र पुढे काय करील हे लेखकाला आधीच ठाऊक असेल तर कादंबरी प्रकल्प-अहवालासारखी होते. ज्या ललित लेखकांचे लेखन दीर्घकाळ टिकते, त्यांना माणसाविषयी न सुटलेला एखादा प्रश्न जन्मभर पुरलेला असतो. उलट, ज्यांना सगळे कळून चुकलेले असते त्यांचे तिसरे-चौथे पुस्तक पहिल्याची छायाप्रत असते. मते संपतात. प्रश्न संपत नाहीत, कारण प्रत्येक उत्तर जाताना दोन नवे प्रश्न मागे ठेवून जाते.

मग प्रश्न असा की हे कुतूहल आम्हा शिक्षकांच्या हातून मरते कसे? याचे उत्तर मला माझ्याच त्या वाक्यात दिसते. परीक्षेला येणार नाही. तीन शब्दांत मी त्या मुलीला सांगितले की तुझ्या शेतातले ज्ञान या वर्गात चालत नाही. मार्गदर्शकात प्रश्न छापलेले असतात, त्यांची उत्तरेही छापलेली असतात, आणि तीन वर्षांत विद्यार्थ्याला स्वतःचा एकही प्रश्न विचारण्याची गरज पडत नाही. मग आपणच चर्चासत्रांतून खंत व्यक्त करतो की नवी पिढी लिहीत नाही. जिने विचारायचे थांबवले ती लिहील कशी?

आठवड्याने मी वर्गात गेले आणि सांगितले की त्या दिवशी मला उत्तर ठाऊक नव्हते, म्हणून मी तसे बोलले. मग कोलंबसापासून मिळगायपर्यंत जे सापडले होते ते सगळे सांगितले. तास कसा संपला कळले नाही. बाहेर पडताना ती मुलगी जवळ आली आणि हळूच म्हणाली, “मॅडम, मला वाटलं, माझंच काहीतरी चुकलं. अभंगाबद्दल असं विचारू नये, असं.” पुढे ती म्हणाली की तिच्या आजीच्या ओव्यांतही अशा बऱ्याच वस्तू आहेत, त्या लिहून आणू का? तिने आणल्या. वहीच्या अठरा पानांत एकाही ठिकाणी ‘यावरून असे दिसून येते की’ नव्हते. प्रत्येक ओवीखाली बारीक अक्षरात एक प्रश्न होता. मी तपासलेल्या निबंधांत त्याहून चांगले लेखन फार थोडे असेल.

तेव्हापासून मीही एक वही ठेवते. तिच्यात मते लिहीत नाही, फक्त प्रश्न लिहिते. त्यातले बरेच क्षुल्लक निघतात, काहींची उत्तरे कोशातच मिळतात, आणि दहांतला एखादा महिनाभर छळून लेख होऊन बाहेर पडतो. लिहिण्याचा दिवस ठरवावा लागत नाही. गेल्या आठवड्यात भाजीवालीकडे उभी असताना नवा प्रश्न लिहिला आहे. पेरूला आपण पेरू का म्हणतो? पोर्तुगीज भाषेत नासपतीला ‘पेरा’ म्हणतात, तिथून ते आले की त्या नावाच्या देशावरून? तेच फळ हिंदीत ‘अमरूद’ झाले, आणि फारसीत अमरूद म्हणजे पुन्हा नासपतीच. म्हणजे दोन भाषांनी दोन वाटांनी एकाच चुकीपाशी यावे, हा योगायोग की आणखी काही? कोश टेबलावर उघडे पडले आहेत. पहिले वाक्य लिहून झाले आहे, आणि नेहमीप्रमाणे ते अडले आहे.